उतरताना पाय बोलतो

नाना, आज सकाळच्या गाडीने माझी मुलगी, तुमची नात, तिच्या ट्रेनिंगला परत गेली आणि तेव्हापासून मला भीती वाटते आहे. काळजी म्हणत नाही मी. काळजीशी माझी जुनी ओळख आहे, ती आली तरी मी तिला बाजूला बसवून कामं उरकते. ही भीती बाजूला बसत नाही. माइक बंद पडला तरी मैदानाच्या टोकापर्यंत आवाज पोचवणारी बाई म्हणून मला हे शहर ओळखतं, आणि आज दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर कमी’ एवढं सांगताना मी अडखळले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमची नात तुम्हाला भिंतीवरच्या फोटोतूनच ओळखते. तरी हे सांगायला दुसरं कुणी सुचत नाही. तिच्या पायाला काहीतरी झालं आहे. ते या घरात पहिल्या नजरेत तुम्ही ओळखलं असतं. मी ओळखलं तेही तुमच्यामागे चालत मोठी झाले म्हणून.

त्या रविवारांपासूनच सांगते. तुम्ही इथल्या, बनारसच्या कॅन्टोन्मेंटमधल्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पीटीचे उस्ताद. गल्लीतले लोक म्हणायचे, भटजींच्या पोराने पोथी सोडली आणि फौजेत जाऊन लोकांच्या पोरांना उठाबशा काढायला लावतो. तुम्ही हसायचा आणि सायकलला पायडल मारायचा. दर रविवारी तुमच्या तुकडीतला एक रंगरूट, नवा भरती झालेला पोरगा, सुट्टीचा आउट पास घेऊन आपल्या घरी जेवायला यायचा. सगळ्यात हुशार नाही, सगळ्यात ढिलाही नाही. ज्याच्याबद्दल तुमचं मन ठरत नव्हतं, तो. त्या बिचाऱ्याला वाटायचं, आज मेजवानी. आई दारातच त्याच्या हातात पितळेची घागर द्यायची. “बेटा, पहले पानी.” घरात नळ होता, पण रविवारच्या पूजेला गंगेचंच पाणी लागायचं, निदान आई तसं सांगायची. मग तो पोरगा रिकामी घागर घेऊन गल्लीतून संकठा घाटाकडे निघतो, मागे हात बांधून तुम्ही, आणि तुमच्यामागे फ्रॉकमधली मी. तो पायऱ्या उतरतो, घागर भरतो, खांद्यावर घेऊन धापा टाकत वर येतो. मला वाटायचं तुम्ही त्याचं वर येणं बघता. एकदा विचारलं तर म्हणालात, “चढताना सगळेच शूर असतात गं. ओझं असलं की माणूस स्वतःला सावरून धरतो. रिकाम्या हाताने उतरताना बघ. उतरताना पाय बोलतो.”

मग स्वयंपाकघर. आईची आमटी, भात, काकडीची कोशिंबीर, आणि पाटावर मांडी घालताना गोंधळलेला तो डोंगराकडचा किंवा बलियाकडचा मुलगा. एकाने पहिला भुरका मारून दबक्या आवाजात विचारलेलं मला अजून ऐकू येतं. “माताजी, दाल में चीनी गिर गई क्या?” आई वळूनसुद्धा न बघता म्हणाली, “गिरी नहीं, डाली है. चुपचाप खा.” तो हात धुतो कसा, उठताना जमिनीला टेकतो का, गावाकडचा विषय निघाला की डोळे कुठे जातात, एवढं तुम्ही बघत जेवत राहायचा. आणि सोमवारी निर्णय. एकतर तो मुलगा आपल्या बॅचबरोबर पुढे जायचा, नाहीतर मागच्या बॅचमध्ये पडायचा. बराकीत विनोद होता म्हणे, उस्ताद खाना खिलाकर मारता है. तुम्ही तो आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगायचा.

आणि तो आंब्यांचा मोसम, आपल्या बनारसी लंगड्याचा. त्या रविवारी आलेला मुलगा तुमच्या जुन्या दोस्ताचा होता. उंच, हसरा, आईच्या पोळ्या पुरेनात. घाटावर उतरताना त्याचा उजवा पाय प्रत्येक पायरीवर किंचित बाहेर फिरत होता. मी लहान होते, मला पायातलं कळत नव्हतं. पण तुम्ही मध्येच थांबलात तेव्हा मी तुमच्या पाठीवर आपटले, म्हणून लक्षात आहे. संध्याकाळी त्याचा बाप आंब्यांची टोपली घेऊन आला. पैसे नाहीत, धमकी नाही, नुसता हात धरला तुमचा. “तेरा भतीजा है यार. बैच के साथ निकलने दे.” सोमवारी तुम्ही त्याला निघू दिलंत. पहिल्याच हिवाळ्यात, पहाडात, पाठीवर ओझं असताना उतारावर त्याचा गुडघा गेला. तो वाचला. त्याच्या मागे दोरीला बांधलेला होता तो दुसरा मुलगा वाचला नाही. ही बातमी ज्या दिवशी आली त्या दिवशी तुम्ही बूट घालून स्वयंपाकघरात उभे होतात. सोवळ्याच्या ओट्याजवळ, बुटांसकट, आणि आईने ते काढायला सांगितलं नाही. त्यानंतर आपल्या घरात लंगडा आंबा आला नाही. बनारसमध्ये राहून, नाना!

माझं सगळं आयुष्य त्या टोपलीतून निघालं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. इंटरला असताना वक्तृत्वाचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही वर्दीतच शाळेच्या हॉलमध्ये मागे उभे होतात. मी सिफारिशीवर, वशिलेबाजीवर बोलले होते, हॉल दणाणला होता. घरी येताना तुम्ही म्हणालात, “बोलतेस छान. पण समोर बघत नाहीस. तुला डोकी दिसतात, माणूस दिसत नाही.” मी किती दिवस धुसफुसत होते! मला वाटलं तुम्हाला टोपलीचा विषय झोंबला. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले, मोर्च्यांत बोलले, निवडणुकांत बोलले, बायकांच्या सभांत बोलले, आणि प्रत्येक भाषणात ते एक वाक्य आलंच: जिथे माणूस निवडतो तिथे मुलगा नाही, मुलाचा काका निवडला जातो. टाळ्या ठरलेल्या. फौजेच्या सेंटरांमध्ये ट्रेनिंगचा कारभार हळूहळू कॉम्प्युटरकडे जाऊ लागला, वेळापत्रक, चाचण्या, कोण पुढे कोण मागे हे सगळं मशीन ठरवणार असं कानावर आलं, तेव्हा मी मुन्शी घाटावरच्या एका सभेत हात वर करून म्हणाले होते की मशीनला जात नाही, गाव नाही, आणि मशीनच्या दारात कुणी आंब्याची टोपली ठेवू शकत नाही. ते मी आजही खोटं मानत नाही. म्हणून तर भीती मोठी आहे. खोट्या गोष्टीविरुद्ध बोलायला मला कधीच भीती वाटली नाही.

तुमची नात त्या सभेत पहिल्या रांगेत होती. नंतर तिने लष्करी पोलिसात भरतीचा फॉर्म भरला. बायकांना तिथे आता घेतात, नाना. तुमच्या वेळी हे सांगितलं असतं तर तुम्ही चहा सांडला असता. सेंटर इथून लांब आहे. पहिल्या महिन्यात फोनवर ती नुसती किलबिलत होती. मनगटावर एक पट्टा असतो, तो नाडी मोजतो, पळण्याचा वेग मोजतो, झोप मोजतो. पहाटे कुणी कुठे पळायचं, रेंजवर कुणाची पाळी, कुणाला जादा सराव, हे रात्रीतून आपोआप ठरतं आणि सकाळी पडद्यावर दिसतं. नावापुढे रंग. हिरवा म्हणजे चालली गाडी, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे मागच्या बॅचमध्ये. उस्ताद असतात, पण त्यांच्या हातात टॅबलेट असतो. सुरुवातीला एका जुन्या उस्तादाने मुलींना बघून तोंड वाकडं केलं होतं, ये चूल्हा-चौका वालियाँ क्या दौड़ेंगी म्हणून. पडद्यावर तिचं नाव वर गेलं आणि त्याला गप्प बसावं लागलं. ती मला म्हणाली, “आई, त्या पट्ट्याला मी मुलगी आहे याचं काही वाटतच नाही. एकदम मस्त फीलिंग आहे गं.” मी फोन ठेवून इथे, याच ओट्याला टेकून रडले. आनंदाने. वाटलं, टोपली शेवटी घराबाहेर गेली.

मग तिला ताप आला, ती लाल झाली आणि एकदा मागे पडली. कुणी तिला बोलावून सांगितलं नाही. सकाळी पडद्यावर नाव दुसऱ्या यादीत होतं, एवढंच. दुसऱ्यांदा लाल म्हणजे घरी, हा नियम. तेव्हा ती फोनवर कमी बोलायला लागली.

मध्ये मिळालेल्या सुट्टीत ती आली. बारीक झालेली, काळवंडलेली, पण डोळ्यांत तुमचा तो टणकपणा. मी मुद्दाम काही केलं नाही, नाना, खरंच नाही. गणपतीसमोरचं गंगाजळ संपलं होतं आणि ती म्हणाली, दे घागर, मी आणते. मी सहज मागे गेले. घाटावर ऊन होतं, खाली नावाडी एका टुरिस्टाशी भावावरून भांडत होता, आणि माझी मुलगी रिकामी घागर घेऊन पायऱ्या उतरत होती. तिरकी. प्रत्येक पायरीवर डावा पाय आधी, मग उजवा त्याच पायरीवर आणून टेकवत, आणि एक हात भिंतीला. मी थांबले. माझ्या पाठीवर आपटायला मागे कुणी नव्हतं.

वर येताना ती घागर खांद्यावर घेऊन ताठ चालत आली, तुमच्या सगळ्या पोरांसारखी. घरी मी म्हटलं, “पायाला काय झालंय?”

“काही नाही.”

“उतरताना बघितलं मी.”

“अरे यार, आई! तू पण ना…” मग बसली, पायजमा वर केला. दिसायला काही नाही. नडगीच्या आतल्या बाजूला मी बोट ठेवलं तर तिने ओठ चावला. “हाडात दुखतं. पळताना नाही, नंतर. सगळ्यांचंच दुखतं.”

“डॉक्टरला दाखवलंस?”

“दाखवलं की सिक रिपोर्ट. सिक रिपोर्ट म्हणजे लाल. लाल म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरात जन्मभर आमटी ढवळत बसायचं.” मग जरा नरमून म्हणाली, “हे बघ, पट्टा नाडी बघतो आणि स्पीड बघतो. दुखणं नाही बघत. गोळी घेतली की नाडी शांत. सुरुवातीला हळू, शेवटी जोरात, असं पळलं की अॅव्हरेज बरोबर येतं. सगळ्या मुलींना माहीत आहे. मुलांनाही.”

“आणि उस्ताद? त्यांना दिसत नाही?”

यावर ती हसली, नाना. “त्यांना सगळं दिसतं. एकदा दौडीनंतर माझ्याकडे बघत उभे राहिले, मग टॅबलेटकडे बघितलं, नाव हिरवं. म्हणाले, तुम तो हरी हो. आणि गेले.”

पुढचं तिने सांगितलं ते मी रोज मनात घोळवते आहे. उस्तादाला मशीनचा निर्णय बदलता येतो, तशी सोय ठेवली आहे. पण बदलला तर कारण लिहायचं, आणि डॉक्टरला काही सापडलं नाही तर तो शेरा उस्तादाच्या स्वतःच्या नावापुढे लागतो. त्याचाही रंग असतो! मग कोण बदलेल? पहिल्या वर्षी कुणीतरी बदलत असेल. दुसऱ्या वर्षी विचार करत असेल. तिसऱ्या वर्षी तो बघायचंच सोडतो. बघून उपयोग काय, नुसता जिवाला घोर. तुमची नजर काही जन्मजात नव्हती. दर सोमवारी तिच्यावर एक निर्णय लादला जायचा, चुकला तर बूट घालून स्वयंपाकघरात उभं राहावं लागायचं, म्हणून ती जागी होती. ज्या नजरेला काही ठरवायचंच नाही ती मिटते. तुम्ही एका टोपलीला एकदा बळी पडलात आणि मरेपर्यंत ते विसरला नाहीत. इथे विसरायलाही कुणी नाही. उद्या कुठे पहाडात, कुठे दंगलीच्या गल्लीत तिचा पाय मोडला आणि तिच्यावर विसंबलेली दुसरी कुणाची पोर तिच्याबरोबर गेली, तर बातमी कुणाच्या दारात जाईल? कोण उभं राहील बुटांसकट? पडदा दाखवतील, नाना. त्यावर दोघी हिरव्या असतील.

हे व्यासपीठावर सांगितलं तर टाळ्या पडतील. मला टाळ्या नको आहेत. तिची शेवटची परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, पाठीवर पूर्ण ओझं घेऊन लांबची चाल, चढ आणि उतार. मी आपल्या गल्लीतल्या हाडांच्या डॉक्टरांना नाव न सांगता विचारलं. ते म्हणाले, बारीक तडा असेल तर आत्ता विश्रांतीने भरेल, आणि ओझं घेऊन चालली तर पूर्ण तुटू शकेल. तिला एक्स-रेला चल म्हटलं तर म्हणाली, “कागद झाला की तू कुणालातरी दाखवशील.” काल तिने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली. “तू सेंटरला एक शब्द बोललीस ना, तर मी परत या घरात येणार नाही. आई, तुझ्याच भाषणाने गेले मी. आता तूच टोपली घेऊन येऊ नकोस.” टोपलीची गोष्ट मीच तिला सांगितली होती.

म्हणजे बघा, मी कुठे अडकले आहे. बोलले तर ती दुसऱ्यांदा लाल, घरी, आणि माझी मुलगी माझी राहत नाही. गप्प राहिले तर तो उतार.

स्टेशनवरून आल्यावर मी फोन लावला. आधी सेंटरच्या पालकांसाठीच्या नंबरावर. मशीनच्या आवाजाने मुलीचा भरतीचा नंबर टाकायला सांगितलं, मी टाकला, आणि तो आवाज गोड हिंदीत म्हणाला की आपल्या पाल्याची प्रगती समाधानकारक आहे. पुन्हा लावला, पुन्हा समाधानकारक. त्याला मी काय सांगू? त्याला थांबून ऐकताच येत नव्हतं. मग तिच्या तुकडीच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी अडीअडचणीसाठी आपला नंबर दिला होता, त्यावर लावला. हवालदार आहेत, आवाज थकलेला, मागे शिट्ट्या वाजत होत्या.

मी सभेत बोलते तशी वाक्यं जुळवून ठेवली होती. एकही आलं नाही. मी म्हटलं, “उस्तादजी, मैं शिकायत नहीं कर रही. कुछ लिखना नहीं है. बस एक बात.”

“बोलिए माताजी.”

“उसके हाथ में एक खाली बाल्टी दीजिए और सीढ़ी से नीचे भेजिए. और आप ऊपर खड़े होकर देखिए.”

मग ते जरा हसले. “माताजी, ये टेस्ट तो सिस्टम में नहीं है.”

“नहीं है. इसीलिए कह रही हूँ.”

“किसने सिखाया?”

“मेरे पिताजी पीटी उस्ताद थे.”

मागच्या शिट्ट्या जरा लांब गेल्या. मग ते हळू आवाजात म्हणाले, “हमारे उस्ताद हमको कुएँ पर भेजते थे.” पुढे काही बोलतील म्हणून मी थांबले. पण कुणीतरी त्यांना हाक मारली आणि ते एवढंच म्हणाले, “कल पहुँचेगी न? देखता हूँ. फोन करूँगा आपको.” देखता हूँ म्हणजे बघतो की टाळतो, हे हिंदीत नुसत्या आवाजावरून कळत नाही, आणि चेहरा माझ्यासमोर नव्हता. तुम्ही म्हणायचा ते आठवलं, समोर बघत नाहीस. आज बघायला समोर कुणी नव्हतंच.

आता संध्याकाळ होत आली आहे. खालच्या देवळात घंटा सुरू झाली. ती अजून गाडीत असेल, पाय समोरच्या बाकावर ठेवून. मी शब्द मोडला की पाळला, मला ठरवता येत नाही. सेंटरशी बोलले नाही, एका उस्तादाशी बोलले. हा वकिली युक्तिवाद तुम्ही एका नजरेत मोडीत काढला असता, आणि ती तर आणखी लवकर काढेल. तुम्ही असता तर तिला मागे टाकलं असतं. नात असली तरी. नात असली तर आधी. मग ती तुमच्याशी बोलली नसती आणि तुम्ही रविवारी दुसऱ्या कुणाला जेवायला आणलं असतं. एवढी ताकद माझ्यात नाही, म्हणून मी ती एका थकलेल्या, अनोळखी माणसाकडे उसनी मागितली.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. लिहून झाला की देवघरातल्या घागरीत टाकेन. ती रिकामीच आहे, पाणी आणायला मी आज गेले नाही. पण एक सांगायचं राहिलं. उद्या उस्तादांचा फोन येईल तेव्हा त्यांनी काय सांगावं असं मला वाटतं, हे मी दुपारभर स्वतःला विचारते आहे. दिसलं माताजी, थांबवलं तिला, असं सांगावं, हे तुमच्या मुलीने म्हणायला हवं. आणि मी इथे बसून, नाना, एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकते आहे, सब ठीक है माताजी, आणि ते कुणीतरी म्हणावं, कुणीही, तो गोड आवाजसुद्धा चालेल. मघाशी मी तो नंबर तिसऱ्यांदा लावला. समाधानकारक म्हणाला. तेवढा वेळ बरं वाटलं.